बडोद्यात नवी छोटी गाडी घेताना: वाढलेल्या किमती आणि इंजिनाची निवड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शोरूममध्ये, आरटीओच्या रांगेत आणि दसऱ्याच्या आधी घरोघरी जे प्रश्न हमखास निघतात, तेच इथे घेतले आहेत. इंधनाचे भाव आणि गाडीची किंमत हिशेबापुरती धरली आहे. त्या जागी आजचा आकडा टाकून गणित पुन्हा मांडायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या.

'छोटी गाडी' म्हणजे नेमकी कोणती?

बोलताना आपण अंगाने लहान दिसणाऱ्या गाडीला छोटी म्हणतो. करखात्याची व्याख्या वेगळी आहे: लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल, सीएनजीचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या पाहिजेत. ही चार मीटरची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पात आली आणि तेव्हापासून इथल्या गाड्यांचा आकार तिनेच ठरवला. काही गाड्यांची डिकी कुऱ्हाडीने तोडल्यासारखी का दिसते, याचं उत्तर डिझायनरपेक्षा कराच्या कोष्टकात जास्त आहे.

इंजिनांचे आकडेही बघा: ९९८, ११९७, ११९९, आणि डिझेलमध्ये १४९३, १४९७. सगळे रेघेच्या अलीकडे जेमतेम उभे. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं. म्हणून तिला मोठ्या गाडीचा कर. मिनी कूपर एस दिसायला बाहुली, पण इंजिन दोन लिटरचं, वर आयात शुल्क. तिच्या किमतीचा आणि आकाराचा संबंध तिथेच तुटतो.

जीएसटी उतरला, तरी गाडी महागच का वाटते?

कर खरोखर उतरला आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस, म्हणजे २९ टक्के होते. छोट्या डिझेलवर ३१. आता दोन्हींवर १८. मोठ्या गाड्यांवर ४०.

गणित असं: जुन्या कराने एक्स-शोरूम (म्हणजे रोड टॅक्स, विमा सोडून) ८,००,००० ची पेट्रोल गाडी. तिला १.२९ ने भागलं की मूळ किंमत निघते ६,२०,१५५. त्यावर १८ टक्के लावले की ७,३१,७८३. फरक ६८ हजार आणि वर थोडे, म्हणजे साडेआठ टक्के. 'अकरा टक्के कर कमी झाला, मग किंमत अकरा टक्के का उतरली नाही?' हा प्रश्न फार येतो. कर मूळ किमतीवर लागतो, छापील किमतीवर नाही, एवढंच त्याचं उत्तर.

मग महागाई कुठून आली? बरीचशी मूळ किमतीतच आहे आणि ती एका दिवसात आलेली नाही. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याच वर्षी जुलैत चालकाची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक नियम, पुढे शेजारच्या सीटची एअरबॅग, एप्रिल २०२३ ला बीएस-६ चा दुसरा टप्पा. त्यात गाडी रस्त्यावर चालत असताना किती धूर सोडते, हे तपासलं जातं. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पॅलॅडियम, ऱ्होडियमसारखे महागडे धातू असतात. आता बऱ्याच गाड्यांत सहा एअरबॅगा खालच्या मॉडेलपासून मिळतात. हा खर्च वाजवी आहे, त्याबद्दल तक्रार नको.

दुसरा भाग मात्र हौसेचा. सनरूफ, दुरंगी छत, मोठा स्क्रीन, सीटमधून येणारा गार वारा. कंपन्या हे अशा पद्धतीने विभागतात की एक हवीशी वस्तू घ्यायला तीन नकोशा घ्याव्या लागतात. त्रेचाळीस अंशांच्या मे महिन्यात बडोद्यात सनरूफ कोण उघडतं? पावसाळ्यात त्याच्या कडेच्या निचऱ्याच्या नळ्या पानं-धुळीने तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरात उतरतं, ते वेगळंच.

ऑन-रोडच्या कागदावर काय काय तपासायचं?

एक्स-शोरूम ८,००,०००, इंजिन ११९७ सीसी, गाडी स्वतःच्या नावावर, असं धरू.

गुजरातचा एकरकमी रोड टॅक्स ६ टक्के, म्हणजे ४८ हजारांच्या आसपास. नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ च्या दरपत्रकात तो १,००० सीसीपर्यंत ६,५२१ आणि १,००० ते १,५०० सीसीला १०,६४० रुपये आहे. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ९९८ सीसीच्या टर्बोचा (हवा दाबून आत ढकलणाऱ्या, म्हणून ताकदवान इंजिनाचा) हा विमा ११९७ च्या साध्या इंजिनापेक्षा सुमारे ४,८६० रुपयांनी स्वस्त पडतो. विम्याचा हा भाग ताकद बघत नाही, फक्त सीसी बघतो.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनीनुसार बदलतो. तिथेच घासाघीस करा. बाहेरून दर मागवताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तोच धरा. नव्या गाडीचा तो एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो. कमी आयडीव्ही दाखवून हप्ता स्वस्त करणं हा जुना खेळ आहे.

किंमत दहा लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस कापला जातो. तो बुडत नाही. प्राप्तिकराचं विवरण भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. शोरूमवाले हे बहुधा सांगत नाहीत.

राहता राहिली 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची पाच-दहा हजारांची ओळ. आरटीओच्या पावतीत ती कधीच दिसत नाही. ती खोडायला सांगा. 'सगळेच देतात' हे उत्तर मिळेल, तरी सांगाच.

पुण्याच्या मावसभावाला त्याच गाडीचे जास्त पडले. मग बडोद्यात घेऊन मुलाला पुण्याला पाठवली तर?

महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के आहे, म्हणून मोह होतो. पण बाहेरच्या राज्यात गाडी सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी बडोदा आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, बँकेचं ना-हरकत पत्र, मग तिकडे फॉर्म २७ आणि त्या राज्याचा टॅक्स. इथे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी चपला झिजवायची तयारी हवी.

मुलगा केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असेल, किंवा चार वा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपनीत असेल, तर बीएच मालिकेचा (राज्य बदललं तरी तोच चालणारा) नंबर हा सरळ मार्ग. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर दहा लाखांपर्यंत ८ टक्क्यांच्या हिशेबाने, डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी. गाडी त्याच्याच नावावर हवी, वडिलांच्या नाही.

उंच दिसणारी 'मिनी एसयूव्ही' घ्यावी की साधी हॅचबॅक?

आतून बऱ्याचदा ती एकाच घरातली भावंडं असतात. फ्रॉन्क्स बलेनोच्या पायावर उभी आहे, एक्स्टर ग्रँड आय-१० निऑसच्या, पंच अल्ट्रोझच्या. १.२ चं इंजिनही दोघांत तेच. जास्तीचे पैसे जातात उंचीला आणि रुबाबाला. रुबाबाचं ज्याचं त्याने ठरवावं. उंचीचा उपयोग मात्र मोजता येतो. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) १६३ मिलिमीटर, बलेनोचा १७०, पंचचा १८७, फ्रॉन्क्सचा १९०. सोसायटीतला गतिरोधक पाच माणसं बसवून ओलांडताना स्विफ्टचं पोट घासतं आणि पंचचं नाही, हा त्या दोन सेंटिमीटरचा फरक. गुडघेदुखी असलेल्या आजीला उंच सीटवर चढ-उतर सोपी जाते, तेही जमेत धरा.

तीन सिलिंडर की चार? फरक खरंच कळतो का?

कळतो, पण जाहिरातीत नाही; लाल दिव्याला उभं राहिल्यावर. मारुतीच्या दोन गाड्या शेजारी ठेवा. २०२४ च्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं इंजिन, ११९७ सीसी, ८२ पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप), कंपनीचा मायलेजचा दावा २४.८. बलेनोत चार सिलिंडरचं, तेही ११९७ सीसी, ९० पीएस, दावा २२.३५. तीन सिलिंडरमध्ये घर्षण कमी म्हणून मायलेज जास्त. पण तिघांचे धक्के एकमेकांना पुरते खोडत नाहीत, म्हणून इंजिन दोन्ही टोकांना डुलतं. एसी लावून उभं असताना स्टिअरिंगवर हलकी थरथर जाणवते. तीच थरथर दोन-तीन वर्षांत एकदम वाढली तर आधी इंजिन माउंटिंग बघायला सांगा. त्यातलं रबर दबून गेलेलं असतं.

टेस्ट ड्राइव्ह घ्यायला सकाळी दहाच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊ नका. संध्याकाळी सहाला जा, चार माणसं बसवा, एसी दोनवर ठेवा आणि गाडी रावपुऱ्याकडे घ्या. सेकंड गिअरमध्ये रांगताना इंजिन कुरकुरतं का, ते तिथे पाच मिनिटांत समजतं.

टर्बो घ्यावं का?

रस्ता कोणता, यावर आहे. फ्रॉन्क्सचं १.२ साधं इंजिन ९० पीएस, ११३ न्यूटन-मीटर; तिचंच १.० टर्बो १०० पीएस, १४८ न्यूटन-मीटर. पीएसमधला फरक थोडा, पण खेचण्याच्या ताकदीतला मोठा, आणि तो खालच्या आरपीएमला मिळतो. अहमदाबादला जाणाऱ्या ९३ किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेवर किंवा मुंबईच्या वाटेवर ट्रकना मागे टाकताना गिअर उतरवावा लागत नाही.

गावातल्या गावात मात्र टर्बो जास्त पेट्रोल पितं. शिवाय निगा जास्त. तेल कंपनीच्या ग्रेडचंच आणि वेळेवर. किलोमीटर झाले नसले तरी वर्ष झालं की बदला. लांबून धावत आल्यावर किल्ली लगेच फिरवू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन चालू राहू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळून साचत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते. रोजची फेरी दोन-तीन किलोमीटरचीच असेल तर लवकर धरते.

सीएनजी किती दिवसांत वसूल होते?

हिशेबासाठी पेट्रोल ९५ रुपये लिटर, सीएनजी ८० रुपये किलो धरा. मायलेज कागदावरचं नको, गावातलं घ्या: पेट्रोलवर १६, सीएनजीवर २४. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ५.९४ रुपये, सीएनजीचा ३.३३. वाचले २.६१. सीएनजी मॉडेलचे जास्तीचे ९०,००० धरले तर वसुली साधारण साडेचौतीस हजार किलोमीटरना. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला तीन वर्षांच्या आत, पाचशे चालवणाऱ्याला पावणेसहा वर्षं. मांजलपूरहून रोज जवळच्या मकरपुरा जीआयडीसीत जाणाऱ्याने सीएनजी नुसत्या भावाकडे बघून घेऊ नये. तेवढ्या अंतरात पैसे वसूल व्हायला गाडी जुनी होईल.

सीएनजीत काय बिघडतं?

पहिली गोष्ट ताकद. बलेनो पेट्रोलवर ९०, गॅसवर ७७.५ पीएस. पाच माणसं, एसी आणि पावागडचा माचीपर्यंतचा चढ, अशा वेळी एसी बंद करायची सवय ठेवा किंवा पेट्रोलवर घ्या.

गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल लवकर थकतात. लक्षण ठरलेलं: गॅसवर झटके, पेट्रोलवर गाडी ठीक. मेकॅनिक आधी किटचा इंजेक्टर बदलायला सांगेल. त्याला प्लग काढून गॅप बघायला सांगा. एअर फिल्टर चोंदला की गॅसवर आधी कळतं, पेट्रोलवर उशिरा.

बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोलचा काटा तळाला लावून वर्षभर फिरणाऱ्यांचा फ्युएल पंप जातो, कारण तो पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. चौथाई टाकी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (ती दाब सोसते का, याची तपासणी) दर तीन वर्षांनी. तारीख पाटीवर असते. ती उलटली की पंपावर गॅस नाकारतात. टेस्टसाठी टाकी उतरवावी लागते, गाडी एक-दोन दिवस अडकते, म्हणून सुट्टीच्या तोंडावर ठेवू नका. भरताना गॅस तापतो, म्हणून उन्हाळ्यात आणि गर्दीच्या वेळी टाकीत कमी माल बसतो. पहाटे भरलेली टाकी दोन दिवस जास्त चालते असं लोक म्हणतात. दोन दिवस नाही, पण फरक पडतो खरा.

डिकीचा प्रश्न असेल तर दोन छोट्या टाक्या खाली बसवलेली गाडी बघा. पंचमध्ये तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या आहेत, वर २१० लिटर डिकी उरते. स्टेपनी मात्र गाडीच्या पोटाखाली जाते.

बाहेरून किट बसवायचं असेल तर आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, दोन्ही त्याच आठवड्यात करा. नोंद नसलेल्या किटची गाडी जळाली तर दावा अडतो. नव्या गाडीला बाहेरचं किट लावूच नका, वॉरंटी जाते.

डिझेल अजून मिळतं का?

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल सोडलं. हॅचबॅकमध्ये अल्ट्रोझ तेवढी टिकून राहिली. बाकी नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, थ्री एक्स ओ अशा चार मीटरच्या उंच गाड्यांत. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर आणि तेही हायवेवर असतील तरच विचार करा. सायलेन्सरमधला डीपीएफ काजळी साठवतो आणि ती जाळायला त्याला सलग वेग लागतो. मांडवी ते दांडिया बाजार अशा गावातल्या छोट्या फेऱ्यांनी तो तुंबतो. दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका: गाडी हालोलच्या रस्त्याला काढा, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून वीस मिनिटं न थांबता चालवा. बहुतेक वेळा दिवा विझतो. तीनदा टाळलात तर वर्कशॉपचं बिल येतं.

ऑटोमॅटिकमध्ये एवढे प्रकार का?

एएमटी ही साधीच गिअरपेटी. क्लच दाबायला माणसाऐवजी यंत्र. सर्वांत स्वस्त, मायलेजही चांगलं, पण गिअर बदलताना मान किंचित डुलते. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवली की क्लच जळतो, ब्रेक वापरा. अटल ब्रिजच्या चढावर रांग लागली की जळका वास कुठून येतो, ते शोधावं लागत नाही. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी, ठरावीक गिअर नसलेली) गुळगुळीत, जोरात दाबलं की नुसती ओरडते. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) दणकट. कोरड्या क्लचचं डीसीटी (दोन क्लचची गिअरपेटी) हायवेवर बहारदार, पण इंचाइंचाने सरकणाऱ्या गर्दीत तापतं; पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या.

ई-२० पेट्रोलने मायलेज उतरतं का?

उतरतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. ई-२० मध्ये असतं तसं वीस टक्के मिसळलं तर ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर घट कमी जाणवते. कोयलीची रिफायनरी शेजारी आहे म्हणून आपल्याला वेगळं पेट्रोल मिळत नाही. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर सर्व्हिसला रबरी नळ्या आणि टाकीच्या तोंडाचा ओरिंग बघायला सांगा, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

छोटी इलेक्ट्रिक?

घरी स्वतःचा पार्किंग आणि १५ अँपिअरचा पॉइंट असेल तर जरूर. हालोलला बनणाऱ्या एमजी कॉमेटची बॅटरी १७.४ किलोवॉट-तासाची, साध्या चार्जरवर रात्रभरात भरते. जीएसटी ५ टक्के. जुन्या वाड्यासमोर रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी मात्र आधी वायर कुठून न्यायची ते ठरवावं.

विश्वामित्रीचं पाणी गाडीत शिरलं तर?

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर हा प्रश्न बडोद्यात कुणी सहज विचारत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवा: सुरू करून बघू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा, गाडी ओढूनच न्या. साध्या पॉलिसीत अशा बिघडलेल्या इंजिनाचे पैसे मिळत नाहीत. 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कलम लागतं. नदीकाठच्या सोसायट्यांत सनरूफपेक्षा ते आधी घ्या.

बजेट बसत नाही, जुनी घेतो. पुरातली कशी ओळखायची?

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर समजून जा. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर हिरवट थर. अत्तराचा वास भपकन आला तर पायाखालचं कार्पेट उचलून खाली हात लावा.

पाडव्याला गाडी हवी आहे. काय आधी करायचं?

दोन आठवडे आधी बुकिंग आणि कर्जमंजुरी. बिल फाडायच्या आधी चासी नंबर मागा आणि गाडी यार्डात जाऊन बघा: मीटर पन्नास किलोमीटरच्या आत, चारही टायरच्या कडेवरचे चार आकडे (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) एकमेकांच्या जवळचे. बनल्याचा महिना फॉर्म २१ वर लिहिलेला असतो. गेल्या वर्षीची गाडी देत असतील तर सूट मागा, कारण विकताना समोरचा वर्षच विचारणार. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये चाळीस गाड्या हारांनी मढवून उभ्या असतात आणि कुणालाच बोनेट उघडायला सवड नसते. ही तपासणी आदल्या दिवशी, उन्हात करा. पत्र्यावरचा दुसऱ्यांदा मारलेला रंग ट्यूबलाइटखाली दिसत नाही.